प्रेक्षक : बरेच

वहीत चार रकाने.
तारीख. कुणाविरुद्ध. गोल.
आणि चौथा, बापानं पट्टी धरून स्वतः आखलेला :
प्रेक्षक.

बाप पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर,
रविवारी मैदानावर चुना ओढणारा.
खेळला कधीच नाही, डावा पाय जन्मापासून आखूड.
म्हणायचा, रेघ सरळ पाहिजे,
पाय कसा का असंना.

जानेवारी अडुसष्ट. नांदेडची गिरणी. एक-चार.
प्रेक्षक : बरेच.
गिरणीवाले वरच्या डिव्हिजनचे,
अकराच्या अकरा बूट, पिवळे मोजे,
आणि नुसती लिंबं कापायला आणलेला एक माणूस.
आपल्याकडं बुटांचे जोड सात.
कुणी घालायचे यावरून हाफटाइमला
गोलपेक्षा मोठं भांडण.

बरेच म्हणजे किती?
बाप म्हणे, तानाबाईला विचार.
ती गोलामागं शेंगा विकायची, हिशेब पुड्यांचा.
तीनशे नव्वद गेल्या, म्हणाली,
आन् फुकटे येगळेच की रे,
ते काय मोजायचे हाईत का?
फुकटे वाघिणींच्या टपावर,
पाण्याच्या टाकीच्या शिडीवर पायरीला दोन,
निंबावर पोरं, खाली त्यांच्या चपला.

गावात तेव्हा पाणवठे वेगळे होते.
इथं फक्त उन्हाची बाजू आणि सावलीची,
सावली जो लवकर येईल त्याची.
म्हणून भीमनगर दुपारी एकलाच येऊन बसायचं
आणि देशपांडे पार्सलबाबू
डोक्यावर ओला रुमाल टाकून उन्हात.

हिंगोलीकडून येणारी पॅसेंजर आउटरला थांबायची,
सिग्नल पडलेला असला तरी.
लतीफचाचा शिट्टी द्यायचा, एक लांब, दोन आखूड :
किती झाले रे?
अख्खं मैदान बोटं वर करायचं.
डब्यातले लोक काही न कळता
टाळ्या वाजवायचे.

एकाहत्तरला आपण वर चढलो.
समोर जालन्याची टीम, आणि गोलकीपर सायलू
मालगाडीवर ड्यूटीला, मिरखेलला अडकलेला.
पंच घड्याळ दाखवू लागले, तर तानाबाईनं
त्यांच्या खिशात शेंगा कोंबल्या, मोजून तीन पुड्या.
चाळीस मिनिटं गेली.
सायलू इंजिनातून उतरला तो थेट गोलात,
हाताला कोळसा.
शेवटची पेनल्टी त्यानं अडवली
आणि पांढऱ्या बॉलवर पाच बोटं उमटली.
तो बॉल कुणी धुतला नाही.

वरच्या डिव्हिजनमध्ये एकच हंगाम.
बारा सामने, अकरा हार.
बाराव्याला समोरचे आलेच नाहीत.
प्रेक्षक : पुष्कळ. पुष्कळ. पुष्कळ.
हरताना एवढी माणसं मी नंतर
कशालाच जमलेली पाहिली नाहीत.

मग अक्षर बारीक होत जातं.
मोजके. वीसेक. लग्नसराई.
कुणाच्या तरी घरी टीव्ही.
वाफेची इंजिनं गेली, शेडमधली माणसं बदलीवर,
लतीफचाचा काझीपेठला, सायलू कुठं ते कळलं नाही.
रूळ उखडले, रुंद टाकले.
शेवटच्या पानावर, चौऱ्याण्णवचा मार्च :
मॅच झाली नाही.
प्रेक्षक : मी.
आणि त्याच्यापुढं वेगळ्या शाईत, मागाहून आठवल्यासारखं,
व एक शेळी.

आता तिथं सिमेंटचे स्लीपर रचलेत.
निंब आहे. टाकी आहे, गळते.
परवा आउटरला मालगाडी थांबली,
लालच होता, दुसरं काही नाही.
इंजिनात एक पोरगा, कानाला मोबाईल.
मी हात वर केला.
बोटं किती धरायची तेच आठवेना, एक की चार.
त्यानं मला टाटा केला.